पाण्याचे दप्तर

२०२० सालच्या जून महिन्यात, टाळेबंदीमुळे बुलढाणा जिल्ह्यातील लोणारच्या विवर-सरोवराच्या काठावरचा प्रवाशांचा राबता थांबलेला असताना, त्या विवराच्या तळाशी एरवी हिरवट दिसणारे पाणी काही दिवसांच्या अवधीत गुलाबी झाले, आणि ही वार्ता पंचक्रोशीत फिरून पुरती होते न होते तोच तिची छायाचित्रे देशोदेशीच्या वृत्तपत्रांत जाऊन पोहोचली. गावात त्या वेळी जो प्रश्न तोंडोतोंडी फिरत होता, तो मला त्या रंगापेक्षाही महत्त्वाचा वाटत आलेला आहे. हे पूर्वी कधी झाले होते काय, असा तो प्रश्न. कोणी म्हणे, कडक उन्हाळ्यात काठाला अशी झाक आम्ही पाहिलेली आहे. कोणी म्हणे, वाडवडिलांनीही कधी पाहिले नसेल. आणि जो तो केवळ स्मरणावर बोलत होता.

वनखात्याने पाण्याचे नमुने नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेकडे आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेकडे धाडले. आघारकर संस्थेने निर्वाळा दिला, की हा रंग हॅलोआर्किया नावाच्या, अतिक्षारयुक्त पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांच्या अंगचा आहे. लोणारच्या सरोवराला बाहेर पडण्याची वाट नाही. झऱ्यांचे आणि पावसाचे जे पाणी विवरात उतरते ते वाफ होऊनच परत जाते आणि त्याच्याबरोबर आलेले क्षार मागे राहतात, म्हणून ते पाणी खारट आणि त्याचा सामू दहाच्या आसपास. उन्हाळ्यात पातळी खाली गेली, क्षारांचे प्रमाण चढले, आणि त्या तीव्र पाण्यातच ज्यांना सुख वाटते असे हे जीव फोफावले. बाटलीत भरून ठेवलेल्या पाण्यात ते हळूहळू तळाशी बसले आणि वर स्वच्छ पाणी उरले, म्हणजे रंग पाण्याचा नव्हता, पाण्यात राहणाऱ्यांचा होता. पाऊस लागल्यावर तो निवळला. त्याच वर्षी नोव्हेंबरात हे सरोवर रामसर करारातील आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आल्याचे जाहीर झाले.

‘कशामुळे’ या प्रश्नाचे उत्तर असे मिळाले. ‘पूर्वी कधी’ याचे उत्तर मात्र प्रयोगशाळा देऊ शकत नाही. त्यासाठी वही लागते. आणि ती अशी, की जिच्यात त्याच जागेची, त्याच रीतीने घेतलेली नोंद काहीही विशेष न घडलेल्या दिवसांचीही असते. प्रदेशाची प्रकृती पाहणे म्हणजे आपत्तीच्या दिवशी धावत जाणे, असा आपला एक समज झालेला आहे. परंतु ज्या वैद्याने माणसाला निरोगी असताना कधी पाहिलेलेच नाही, त्याला तापातल्या नाडीवरून फार थोडे कळते.

लोणारचे दप्तर पाहू गेले तर ते जुने आहे, पण एकांगी आहे. अबुल फज़लच्या ऐन-इ-अकबरीत वऱ्हाड सुभ्यातील मेहकर सरकारच्या वर्णनात लोणारचा उल्लेख येतो, आणि त्यात काच व साबण करण्याचे साहित्य येथे निघते आणि त्यापासून उत्पन्न होते, ही बाब नमूद आहे. इंग्रजी अमदानीत, १८२३ साली अलेक्झांडर नावाच्या अधिकाऱ्याने या जागेकडे युरोपीय विद्वानांचे लक्ष वेधले, आणि पुढे कित्येक वर्षे येथून निघणाऱ्या क्षारांच्या प्रती, त्यांची नावे आणि त्यांचा मक्ता यांची चर्चा सरकारी ग्रंथांतून होत राहिली. सरोवरातून काय काढता येते याचा हिशेब असा तीनशे वर्षे लिहिला गेला. सरोवरात काय आहे आणि ते कमी होते आहे की जास्त, हे लिहिण्याची गरज कोणाला भासली नाही. महसुली दप्तराचा तो स्वभावच होता, आणि त्याला दोष देऊन फारसे काही साधणार नाही.

मात्र माणसाने जे लिहिले नाही ते सरोवर स्वतः लिहीत होते. वर्षाकाठी पावसाने आणलेला गाळ त्याच्या तळाशी थरावर थर बसत गेला, आणि निवांत, प्राणवायूविरहित तळामुळे ते थर विसकटले नाहीत. २००८ साली जर्मन आणि भारतीय संशोधकांनी तेथून सुमारे दहा मीटर लांबीचा गाळाचा गाभा काढला. त्यात जवळजवळ अकरा हजार वर्षांचा काळ घडी घालून ठेवावा तसा जपलेला आढळला. त्या थरांपैकी काही थरांत गेल्युसाइट नावाच्या क्षाराचे स्फटिक सापडले. हा क्षार तयार होण्यास पाणी अतिशय आटावे लागते. म्हणून ज्या थरात तो आहे त्या काळी मोसमी पाऊस दीर्घकाळ ओढ देऊन बसला होता, असे अनुमान निघते. असे दोन काळ स्पष्ट दिसतात : एक आजपासून सुमारे ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वीचा, आणि दुसरा सुमारे २,००० ते ६०० वर्षांपूर्वीचा. दुष्काळाची इतकी प्रामाणिक नोंद कोणत्याही राजाच्या दप्तरात नसेल, कारण येथे लिहिणाऱ्याला कोणाची मर्जी राखायची नव्हती.

ही झाली एका विवराची गोष्ट. बुलढाणा जिल्हा मात्र एका प्रकृतीचा मुलूख नव्हे. येथला माणूस गावाचा पत्ता सांगताना प्रथम ‘घाटावर’ की ‘घाटाखाली’ हे सांगतो, आणि त्या एका शब्दात भूगोल, पाणी आणि पीक ही सारी सांगून होतात. घाटावर, म्हणजे चिखली, मेहकर, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा, लोणार या अंगाला, काळ्या पाषाणाचे पठार. त्याच्या फटींत आणि मुरमात जेवढे पाणी मुरेल तेवढेच विहिरीला. घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यातील खोल गाळाची जमीन. मलकापूर, नांदुरा, शेगाव, आणि सातपुड्याच्या पायथ्याला जळगाव जामोद व संग्रामपूर. त्या गाळाच्या मोठ्या भागात पाणी आहे, पण ते खारे आहे. अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतून येणारा हा खारपाणपट्टा येथवर पोहोचतो. एकाच जिल्ह्यात वरचा माणूस पाणी लागत नाही म्हणून रडतो आणि खालचा लागलेले पाणी तोंडात धरवत नाही म्हणून.

अशा मुलखाची प्रकृती पाहण्याचे सर्वांत जुने, आणि अजूनही चालू असलेले, सरकारी साधन म्हणजे आणेवारी. सोळा आणे पीक म्हणजे पुरे पीक. त्यातले किती आणे हाती आले, यावर शेतसाऱ्याची सूट ठरे. आणे गेले, पैसे आले, तेव्हापासून तिला पैसेवारी म्हणतात. गावोगावच्या समित्या ठरावीक मापाचा चौकोन शेतात आखून त्यातले पीक कापतात, वजन करतात, आणि त्यावरून आधी नजरअंदाज, मग सुधारित, आणि खरिपाची अंतिम पैसेवारी डिसेंबरअखेर जाहीर होते. ती पन्नास पैशांच्या आत आली तर गाव टंचाईच्या सवलतींना पात्र. या आकड्यावर पोराबाळांची फी आणि बँकेचे कर्ज लोंबकळत असते, म्हणून डिसेंबरच्या अखेरच्या आठवड्यात जिल्ह्यातले प्रत्येक गाव वर्तमानपत्रात आपला आकडा शोधते. पर्यावरणाविषयीचा दुसरा कोणताही अहवाल इतक्या उत्सुकतेने वाचला जात असेल असे मला वाटत नाही. तथापि पैसेवारी पीक मोजते. जमीन मोजत नाही. चांगला पाऊस, भरपूर खत आणि खोल गेलेली कूपनलिका यांच्या बळावर साठ पैसे आलेल्या गावाची माती आणि पाणी आतून खंगत असू शकतात, आणि तो क्षय त्या साठांत दिसत नाही.

तो क्षय दिसतो विहिरीत. महाराष्ट्राच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेने राज्यभर निरीक्षण विहिरी ठरवून ठेवलेल्या आहेत, आणि जानेवारी, मार्च, मे आणि पावसाळा संपल्यावर, अशी वर्षातून चार वेळा त्यांची पातळी मोजली जाते. घाटाखालच्या एका गावी एका मे महिन्यात ही मोजणी मी जवळून पाहिली, आणि एवढ्या साध्या कामात किती सावधगिरी असते हे मला प्रथमच कळले. विहीर जुनी, दगडी बांधाची. मोट गेली तरी थारोळे आणि बैलांची धाव अजून ओळखू येणारी. मोजणाऱ्याने आधी विचारले, मोटार केव्हा बंद केली? ती नुकतीच बंद झाली असेल तर पाणी अजून वर चढत असते, आणि तो आकडा खोटा. मग त्याने काठावरची रंगाने केलेली खूण शोधली, कारण दर वेळी त्याच खुणेवरून फीत सोडायची असते. हातभर इकडे-तिकडे झाले तरी दगड वर-खाली असतात. फितीच्या टोकाचे वजन खाली गेले, पाण्याला लागल्याचा आवाज वर आला, त्याने फीत खुणेशी चिमटीत धरली. नंतर काठाची जमिनीपासूनची उंची त्याने वजा केली. मग कोठे वहीत आकडा उतरला. या साऱ्याला दहा मिनिटे लागली असतील, पण त्या दहा मिनिटांत एखादी पायरी जरी गाळली, तरी मागच्या वर्षांच्या आकड्यांशी यंदाचा आकडा जुळवून पाहण्याचा अधिकारच जातो.

पावसाळ्यानंतरची पातळी मागील पाच वर्षांच्या सरासरीशी ताडून पाहतात, आणि ती किती खाली आहे यावरून पुढच्या उन्हाळ्यात कोठे टंचाई येईल याचा अंदाज बांधतात. ऑक्टोबरातच पुढच्या मे महिन्याचे पत्र येऊन पडते, असे म्हटले तरी चालेल. परंतु हे पत्र ज्याच्या विहिरीवरून लिहिले गेले त्याला ते मिळते काय? बहुधा ते तालुक्याला, तेथून जिल्ह्याला, तेथून पुण्याला जाते, आणि परतीच्या वाटेवर कोठे तरी थांबते. २०२० पासून केंद्राची अटल भूजल योजना बुलढाण्यासह राज्यातील तेरा जिल्ह्यांत आली, आणि तिच्यातील गावांत पाण्याचा जमाखर्च गावानेच मांडावा, पर्जन्यमापक गावात असावा, आकडे भिंतीवर लिहावेत, अशी रीत घालण्याचा प्रयत्न झाला. ती मला अत्यंत मोलाची वाटते. ज्या गावाच्या भिंतीवर यंदा किती पाणी आले आणि किती उपसले हे लिहिलेले असते, त्या गावात उन्हाळी भुईमूग घ्यावा की न घ्यावा ही चर्चा पारावर होऊ शकते. एरवी ती होतच नाही, ज्याचा पंप मोठा त्याचे पीक मोठे.

पावसाच्या मोजणीचेही तसेच. पूर्वी तहसील कचेरीच्या आवारातील एका पर्जन्यमापकावर साऱ्या तालुक्याचा पाऊस ठरे. आता महसूल मंडळागणिक स्वयंचलित केंद्रे आहेत, आणि चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला की ती अतिवृष्टी. पण २२ जुलै २०२३ रोजी सातपुड्याच्या पायथ्याला जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत जो पाऊस कोसळला आणि नद्यानाल्यांनी जी शेते खरवडून नेली, त्यासारख्या पावसाचा पडदा कित्येकदा एका शिवारावर असतो आणि शेजारच्यावर नसतो. ज्याची माती गेली त्याला मंडळाचा आकडा दाखवणे ही क्रूरता आहे, हे पंचनामा करणाऱ्यालाही ठाऊक असते.

अहवाल वेळेवर आणि समजेल अशा भाषेत न पोहोचला म्हणजे काय होते, हे २०२५ च्या जानेवारीत शेगाव तालुक्याने पाहिले. बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांतील माणसांचे डोके खाजू लागले, आणि तीन-चार दिवसांत केस नुसत्या चिमटीने हातात येऊ लागले. बायका, मुले, तरणी माणसे. बघता बघता अठरा गावांतून बाधितांची संख्या पावणेतीनशेच्या आसपास गेली. पुढे काहींची नखेही गळाली. ‘टक्कल व्हायरस’ असा शब्द कोणी तरी उच्चारला आणि तो पथकांच्या आधी गावोगाव पोहोचला. पहिला संशय अर्थातच पाण्यावर गेला, कारण खारपाणपट्ट्यात पाण्यावरचा संशय कधी पुसला गेलेलाच नाही. नमुन्यांत नायट्रेट आणि विद्राव्य क्षार जास्त निघालेही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे तज्ज्ञ आले, रक्ताचे, केसांचे, मातीचे नमुने गेले. पुढे बाधितांच्या शरीरात सेलेनियमचे प्रमाण वाढलेले असल्याचे समोर आले, आणि विंचूदंशावरील उपचाराने ज्यांनी कोकणात हजारो जीव वाचवले त्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी स्वतः तेथे जाऊन नमुने तपासून असा निष्कर्ष मांडला, की हे सेलेनियम शिधावाटप दुकानांतून मिळालेल्या, पंजाब-हरियाणाकडून आलेल्या गव्हातून पोटात गेले. शिवालिक टेकड्यांच्या पायथ्याच्या काही जमिनींत सेलेनियम फार असते, हे मृदाशास्त्राला आधीपासून माहीत आहे.

हा निष्कर्ष मनात घेऊन पाहिले म्हणजे निरीक्षणाची सारी चौकटच बदलते. बोंडगावची विहीर मोजली, बोंडगावची माती मोजली, आणि उत्तर हजार-दीड हजार किलोमीटर लांबच्या शिवारात! एखाद्या प्रदेशाची प्रकृती त्याच्या सीमेच्या आतच शोधून भागेल, हा काळ आता गेला. आणि मला अधिक सलते ते हे, की तपासाचे धागे जुळेपर्यंतच्या त्या आठवड्यांत गावकऱ्यांना खात्रीने असे कोणी फारसे काही सांगितले नाही. नमुने गेले, एवढेच कळे. तेवढ्या रिकाम्या जागेत अफवा राहायला आली, आणि त्या गावांचे नाव ऐकताच माणसे दोन हात लांब उभी राहू लागली.

येथे मला जिल्ह्यातल्याच एका जुन्या प्रघाताची आठवण होते. जळगाव जामोद तालुक्यातील भेंडवळ येथे अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घट मांडतात. वर्तुळात अठरा प्रकारची धान्ये, मध्ये खड्डा, त्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची म्हणून मातीची चार ढेकळे, त्यांवर पाण्याचा घट, वर पापड, कुरडई, सांडई, विडा-सुपारी. रात्री तेथे कोणी थांबत नाही. पहाटे वाघ घराण्यातील जाणते पुरुष येऊन कोणते ढेकूळ किती भिजले, कोणते धान्य कोठे सरकले हे पाहतात, आणि वर्षाचे भाकीत सांगतात. चंद्रभान महाराजांपासून चालत आलेली ही परंपरा तीनशेहून अधिक वर्षांची मानतात. त्या भाकिताला शास्त्राचा आधार नाही, हे मी स्पष्टपणे म्हणतो. परंतु घाटाखालचे हजारो शेतकरी रात्रीचा प्रवास करून तेथे का जमतात? तेथे निकाल उघड्या शेतात लागतो. मांडणी सर्वांना दिसते. आणि कोणत्या महिन्यात पाऊस कमी, कपाशी बरी की ज्वारी, हे पेरणीच्या आधी, त्यांच्या बोलीत, तोंडावर सांगितले जाते. आमच्या भूजलाच्या अहवालात यांपैकी एकही गुण नाही, आणि सत्य मात्र सारे त्याच्याकडे आहे. हे दोन्ही एकत्र का येऊ नयेत? ऑक्टोबरात पातळी मोजून झाली की त्या गावच्या चावडीसमोर, गावाला बोलावून, तो आकडा कोणी तरी मोठ्याने वाचावा, एवढीच माझी मागणी आहे.

वन्यजीवांच्या बाबतीत मोजणीचे साधन बरेच पुढे गेले आहे. बुलढाणा आणि खामगाव यांच्यामधील, १९९७ साली घोषित झालेले सुमारे २०५ चौरस किलोमीटरचे ज्ञानगंगा अभयारण्य अस्वलांसाठी आणि बिबट्यांसाठी ओळखले जाई. २०१९ च्या अखेरीस टिपेश्वर अभयारण्यातला एक तरुण वाघ तेथे येऊन दाखल झाला. गळ्यातील पट्ट्यामुळे त्याची वाट कळली, आणि ती शेते, नाले, महामार्ग आणि अनेक जिल्हे ओलांडून आलेली होती. ज्या वाटा कोणत्याही सातबाऱ्यावर नाहीत, त्या त्या वाघाने नकाशावर उमटवून दिल्या. बुद्धपौर्णिमेच्या चांदण्यात मचाणावर बसून पाणवठ्याला येणारी जनावरे मोजण्याची जुनी रीत आजही चालते. तिचा आकडा आता कोणी प्रमाण मानत नाही, पण जी माणसे एक रात्र जागून पाणवठा पाहतात ती पुढच्या वर्षी त्या पाणवठ्यात पाणी आहे की नाही याची चौकशी करतात, आणि म्हणून ती रीत टिकावी.

सलगपणाविषयी मात्र थोडे अधिक बोलले पाहिजे. चार्ल्स कीलिंग या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९५८ मध्ये हवाई बेटावरील मौना लोआ पर्वतावर हवेतील कर्बद्विप्राणील वायू मोजण्यास प्रारंभ केला. काम कंटाळवाणे, रोज तेच. १९६४ साली पैशाअभावी ते काही काळ थांबले, आणि ती फट आजही त्याच्या जगप्रसिद्ध आलेखात दिसते. त्या चढत्या रेषेवरूनच पृथ्वी तापते आहे या शंकेला भक्कम पाया मिळाला. पहिल्या वर्षीच्या आकड्यांत कोणालाही भय वाटण्याजोगे काही नव्हते. नेमकी अशीच सलग ओळ लोणारला हवी आहे. तेथे २०२० च्या उलट गेल्या काही वर्षांत पाणी वाढून कमळजादेवीच्या मंदिराला वेढू लागले आहे, आणि काठावरची ती ‘सासू-सुनेची विहीर’, जिच्या एका अंगाला गोडे आणि दुसऱ्या अंगाला खारे पाणी लागते असे लोक सांगत, पाण्याखाली जाते. २०२० साली पाणी आटले म्हणून चिंता, आता वाढले म्हणून चिंता. यातले कोणते नेहमीचे आणि कोणते आगळे, हे दर महिन्याच्या पातळीची, क्षारांची, पक्ष्यांची अखंड ओळ हाती असल्यावाचून कसे ठरवावे?

त्या मे महिन्यातल्या विहिरीवर फीत गुंडाळून झाल्यावर मोजणारा निघाला, तेव्हा बांधावरच्या कडुनिंबाखाली बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईने त्याला हाक मारली.

“बापू, किती हाय पाणी?”

त्याने आकडा सांगितला.

“अन् मांगच्या सालाले?”

तो थांबला. पिशवी खाली ठेवली, वही काढली, आणि बाईच्या शेजारी बसून मागची पाने उलटू लागला.